आतली कडी

खिशातला फोन थरथरला तेव्हा डायलिसिसच्या वॉर्डातल्या केसरबाई सर्व्हरच्या कपाटावर हळदीचं बोट टेकवत होत्या. अश्वजितनं फोन बाहेर काढला तो काही कामाच्या ओढीनं नव्हे. नजर ठेवायला काहीतरी मिळालं म्हणून. खंडेनवमीच्या पूजेत उभं राहायचं म्हणजे त्याची दरवर्षी हीच पंचाईत. हात जोडायचे नाहीत हे त्याचं ठरलेलं होतं, पण न जोडलेल्या हातांचं करायचं काय, हे काही त्याला अजून ठरवता आलं नव्हतं. पाठीमागं धरले तर तपासणीला आलेल्या साहेबासारखं वाटे, छातीशी बांधले तर भांडायला उभं राहिल्यासारखं. खिशात घातले की त्यातल्या त्यात बरं. तर फोन निघाला, उघडला गेला, आणि समोरच्या हळद लागलेल्या कपाटात ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर चालू होतं तिचीच नोटीस पडद्यावर आली. कोरडी इंग्रजी, कंपन्यांची असते तशी. आमच्या फायरवॉल सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गंभीर दोष सापडला आहे. त्याचं लॉगिनचं पान बाहेरच्या इंटरनेटवर उघडं असेल तर कुणीही पासवर्डशिवाय आत येऊन सगळा ताबा घेऊ शकतो. काही ठिकाणी असं घडू लागलं आहे. ताबडतोब दुरुस्ती बसवा, तोवर ते पान बाहेरच्यांसाठी बंद करा. त्यानं ते पुन्हा वाचलं. उदबत्तीचा धूर एसीच्या वाऱ्यानं नेमका त्याच्याच तोंडावर येत होता. त्याला भीती वाटली, साधी, लहानपणची वाटायची तशी.

मेहकरातला हा दवाखाना तसा मोठा. दुसरबीडला, बीबीला, हिवरा आश्रमला त्याच्या शाखा, आणि प्रत्येक शाखेत एकेक फायरवॉल, म्हणजे आतले कॉम्प्युटर आणि बाहेरचं जग यांच्यामधली वेस. कुणाला आत घ्यायचं, कुणाला वेशीवरूनच परत लावायचं, हे त्या सगळ्या वेशींना सांगणारं सॉफ्टवेअर एकच, ते या कपाटात. आणि त्या सॉफ्टवेअरकडं पाहणारा माणूसही एकच. गावाकडं कुणी विचारलं तर अश्वजित सांगायचा, दवाखान्यात वाचमन आहे, कॉम्प्युटरचा. लोक हसायचे, तोही हसायचा. आता नोटीस म्हणत होती की वेशी शाबूत आहेत, कुलपं शाबूत आहेत, फक्त किल्ल्यांचा जुडगा ज्याच्या कमरेला आहे तो राखणदार येईल त्याच्या हाती जुडगा काढून देतो. आणि हा राखणदार आत बसलेला असता तरी एक वेळ निभावलं असतं. तो भर रस्त्यावर बसला होता. त्याला तिथं अश्वजितनंच नेऊन बसवलं होतं.

तसं पाहिलं तर दवाखान्याच्या मालकानं, डॉक्टर हिंमतरावांनी बसवलं होतं, आणि तेही मायेनं, हीच तर रड होती. गेल्या दसऱ्याला अश्वजित वडिलांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेला असताना दुसरबीडच्या शाखेचं नेट गेलं. लाखाच्या गर्दीत एका कानात बोट घालून तो फोनवर ओरडत राहिला, पण करता काही येईना, कारण ते लॉगिनचं पान तेव्हा फक्त मेहकरच्या या खोलीतूनच उघडायचं. माणिकराव, त्याचे वडील, पांढऱ्या सदऱ्यात बाजूला उभे राहून त्याच्याकडं पाहत होते. स्तूपाकडं पाहायला आलेला म्हातारा पोराच्या तोंडाकडंच पाहत राहिला. परतल्यावर हिंमतरावांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. रागावले नाहीत. उलट म्हणाले, “वर्षातून एक दिवस तू बाबासाहेबांच्या पायाशी जातो, त्यात आपलं नेट आडवं नाही आलं पाह्यजे. तुले कुठूनही पाहता येईन असं काहीतरी करून ठेव.” असं करू नये हे अश्वजितला ठाऊक होतं. हे तर शिकताना अगदी सुरुवातीलाच सांगतात. पण मालकानं त्याचा सण ध्यानात ठेवला होता, आपणहून, आदरानं. अशा माणसाला ‘नियमात बसत नाही’ म्हणायला त्याची जीभ रेटेना. त्यानं पान बाहेर उघडलं, लांबलचक पासवर्ड ठेवला आणि मनाची समजूत घातली. आता त्या पासवर्डला वळसा घालून कुणीही आत येऊ शकत होतं. आणि ते पान बाहेरून उघडता येत असलं तरी बाहेरून बंद करता येत नव्हतं. बाहेरच्या माणसानं चुकून स्वतःलाच बाहेर कोंडून घेऊ नये म्हणून कंपनीनं केलेली सोय. बंद करायची कडी आत होती, या खोलीतल्या, या पडद्यावर. नाहीतर कपाटातली नेटची वायर उपटली असती तरी भागलं असतं. पण वायरीला केसरबाईंनी नुकतीच झेंडूची माळ गुंडाळली होती, सुबक, दर वितीला एक गाठ देऊन.

“काय रे अश्वजित, तोंड काऊन उतरलं?” हातातला नारळ तसाच धरून हिंमतराव वळले.

“सर, एक अपडेट आलं. मशीनवर बसून करून घ्यावं म्हणतो.”

“आज?” ताम्हण सांभाळत उभा असलेला गजेंद्र हसला. दवाखान्याची सगळी व्यवस्था त्याच्याकडं होती. “अबे, पूजा लागली ना मशीनले. आता उद्या संध्याकाळी सोनं वाटेपर्यंत हात नाही लावत. तुले माहीत नसन. तुमच्यात नसते हे.”

गजेंद्र वाईट माणूस नव्हता. रोज दुपारी अश्वजितच्या डब्यातली मिरचीची भाजी त्याला अर्धी लागायची आणि माणिकरावांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा रक्तासाठी रात्र-रात्र धावला होता तो. त्यानं ते म्हटलं होतं माहिती दिल्यासारखं. तरी रिसेप्शनवरच्या दोघी-तिघी फरशीकडं पाहू लागल्या. केसरबाईंनी हळदीचा हात पदराला पुसला आणि मग पदराकडं पाहून चुकचुकल्या. हिंमतरावांनी गजेंद्रकडं डोळे वटारून पाहिलं आणि आवाज मुद्दाम मऊ करून विचारलं, “अर्जंट हाये का? असन तं सांग बाबू. देव काही रुसत नाही. अर्धी सोडतो मी पूजा.”

हो, एवढंच म्हणायचं होतं. एक अक्षर. सगळी खोली त्याच्या तोंडाकडं पाहत होती, हातात नारळ, ताम्हण, निरांजन, फुलं, आणि त्या ‘हो’चा अर्थ काय घेतला जाईल हे त्याला लख्ख दिसत होतं. कुणी काही बोललं नसतं. पूजा थांबली असती, तो मध्ये बसला असता, हळदीकुंकवाच्या बोटांवरून त्याची बोटं फिरली असती, आणि दुपारी कॅन्टीनमध्ये कुणीतरी हळूच म्हणालं असतं की काम काय, उद्याही झालं असतं, पण त्याला आपली पूजा थांबवायची होती. मग दुसरं कुणी म्हटलं असतं, जाऊ द्या, बोलू नका, साहेबांचा माणूस आहे. फायरवॉल, दोष, लॉगिनचं पान यांतलं कुणाला काही कळलं नसतं. कळलं असतं ते एवढंच. “नाही सर,” तो म्हणाला, “तसं काही नाही. उद्या करतो.” हिंमतरावांचा चेहरा मोकळा झाला. नारळ फुटला. पाणी कपाटावर उडू नये म्हणून त्यांनी तो काळजीनं बाहेर, पायरीवर फोडला होता.

तुमच्यात नसते. हे शब्द त्यानं पहिल्यांदा ऐकले ते दुसरीत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन असायचं. गुरुजी फळ्यावर एकाचेच आकडे मांडून त्यांची सरस्वती काढायचे, पोरं ती पाटीवर उतरवून घ्यायची, मग फुलं वाहायची आणि पाट्या भिंतीशी ओळीनं मांडायच्या. अश्वजितचीही पाटी होती त्या ओळीत. त्याची सरस्वती तर फार छान आली होती, त्याला अजून आठवत होतं, मधल्या एकाची मान त्यानं थोडी वाकडी काढली होती म्हणून ती हसल्यासारखी दिसत होती. मग काय झालं कोण जाणे, गुरुजींनी सुटी व्हायच्या आत तोंडी हिशेब घातला, आणि तो मनात धरता येईना म्हणून त्यानं उठून आपली पाटी आणली, हातानं पुसली आणि गणित मांडलं. उत्तर बरोबर आलं. त्यानं ते ओरडून सांगितलं. पोरं त्याच्या पांढऱ्या झालेल्या तळहाताकडं पाहत होती. गुरुजी चांगले होते, त्यांनी मारलं नाही. ते म्हणाले, “राहू द्या रे, त्यांच्यात नसते.” छडी बसली असती तर तो दोन दिवसांत विसरला असता. त्याला रडून सांगायचं होतं की ती मी काढली होती, मला आवडली होती, मला फक्त हिशेब करायचा होता. पण एवढं सगळं सांगायला लहान पोराजवळ शब्द नसतात आणि मोठ्या माणसाजवळ वेळ निघून गेलेली असते.

पूजेनंतर खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली हिंमतरावांच्या घरी देव्हाऱ्यात गेली. त्यांच्या वडिलांपासूनची रीत. तेव्हा एकाच खोलीचा दवाखाना होता आणि किल्ली औषधाच्या कपाटाची असे. जिवाच्या मशिनीला सुटी नाही, असं हिंमतराव दरवर्षी सांगत. त्यामुळं डायलिसिस, लॅब, वॉर्डातले कॉम्प्युटर सगळं चालू राही, फक्त कपाळी कुंकू घेऊन. ऑफिसचे कॉम्प्युटर मात्र झाकून ठेवलेले, रिसेप्शनवर हातानं पावत्या. अश्वजितला दिवसभर काम नव्हतं. तो कुलूप लावलेल्या दारासमोरच्या बाकावर बसला. दाराच्या फटीतून एसीचा गार वारा आणि झेंडूचा वास येत होता, आणि आतल्या पंख्यांची घरघर ऐकू येत होती. ती घरघर तो रोज ऐकायचा. आज तो कान देऊन ऐकत होता की तिच्यात काही फरक पडतो का. वेडेपणा होता हा, त्याला कळत होतं. येणारा पायांनी थोडाच येणार होता. तो जगाच्या कुठल्या कोपऱ्यात बसला असेल, त्याला मेहकर कशाशी खातात हेही माहीत नसेल, वेस दिसली, उघडी दिसली, शिरला. दुपारी जेवण गेलं नाही. त्यानं फोनवर हिंमतरावांसाठी निरोप लिहिला: सर, किल्ली हवी होती. पुसला. सर, सकाळी मी नाही म्हणालो पण. पुसला. सकाळी ‘हो’ एका अक्षराचं होतं. आता त्याला एक खोटं, देवासमोर बोललेलं, कबूल करायची शेपटी लागली होती, आणि तासागणिक ती लांब होत होती.

संध्याकाळी मात्र तो निघालाच. हिंमतरावांच्या घराच्या फाटकाशी पोचेपर्यंत त्याच्या मनात वाक्य पक्कं तयार होतं. दार अन्नपूर्णाताईंनी, डॉक्टरांच्या बायकोनं उघडलं. “अगबाई, अश्वजित! बरा आला. साहेब आंघोळीले गेले. बस, आज नैवेद्याचं हाये, जेवल्याबिगर नाही जायचं.” तो नको-नको म्हणेपर्यंत पाट मांडला गेला, ताट आलं, पुरणपोळीवर तुपाची धार पडली. आणि पाट मांडला होता तो नेमका देवघराच्या दारासमोर. देव्हाऱ्यात, चांदीच्या लहानशा वाटीत, त्याच्या खोलीची किल्ली होती. पितळी, दोऱ्यात हिरवा मणी ओवलेली. तो मणी त्यानंच ओवला होता, हरवू नये म्हणून. हात लांब केला असता तर पोचला असता. या घरात आपल्याला देवघरासमोर बसवून वाढतात, हे पुष्कळ होतं. त्याच्या आईला, ती असती तर, हे सांगून पटलं नसतं. अन्नपूर्णाताई आणखी तूप वाढत म्हणाल्या, “तुझ्या साहेबाले लय भरवसा हाये तुया. म्हणते, पोरानं आज कशी समजदारी दाखवली.” अश्वजितनं पोळीचा तुकडा उगाच तुपात बुडवला. हिंमतराव ओल्या केसांनी बाहेर आले, त्याला जेवताना पाहून खूश झाले, वडिलांच्या तब्येतीचं विचारलं, उद्याचं डायलिसिस सकाळीच लावून घे म्हणाले. तो हो म्हणाला. आता हो म्हणायला काहीच जड जात नव्हतं. तो किल्ली न मागता पोट भरून परत आला आणि रस्त्यात, बसस्टँडच्या वळणावर, त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो थोडा वेळ तिथंच, रसवंतीच्या बंद गाडीला टेकून उभा राहिला.

घरी माणिकराव खाटेवर बसून बर्फाचा एक लहान खडा चघळत होते. डायलिसिसवर आल्यापासून त्यांना पाणी मोजून मिळायचं, दिवसाला दोन पेले, त्यातच गोळ्या, कारण जास्तीचं पाणी अंगात साचून छातीत चढू शकतं. बर्फ जास्त पुरतो हे त्यांनी स्वतःच शोधून काढलेलं. भाड्याच्या या दोन खोल्यांत आता बापलेकच होते. मनाली, अश्वजितची बायको, बाळंतपणाला माहेरी गेलेली. “जेवून आला का?” त्यांनी विचारलं, “तुपाचा वास येऊन राह्यला.” मग नागपूरचं बोलले. यंदा जाता येणार नाही, दसऱ्याचाच वार मशिनीचा पडला. टीव्हीवर दाखवतील, तेवढं पाहू. अश्वजितनं फोन काढून बाहेरून ते पान उघडून पाहिलं. उघडलं. रोजच्यासारखं निळं पान, नाव विचारणारा चौकोन, पासवर्ड विचारणारा चौकोन. काहीच बदललं नव्हतं, आणि तेच त्याला सोसेना. काही मोडलेलं, सांडलेलं, चोरीला गेलेलं दिसलं असतं तर माणूस ओरडतो तरी. त्याला वस्तीतली विहीर आठवली.

तो तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेल. जयंतीच्या मिरवणुकीवरून गावात तोंडातोंडी झाली होती आणि त्यानंतरच्या एका सकाळी वस्तीच्या विहिरीवरचा पत्रा बाजूला सारलेला सापडला. पोहरा आत पडलेला. बस, एवढंच. पाण्यावर काही तरंगत नव्हतं, वास नव्हता, रंग नव्हता. वाऱ्यानं पत्रा सरकला असं कुणी म्हणालं, पण पत्र्यावर दगड असायचा आणि दगड नीट बाजूला उतरवून ठेवलेला होता. सगळी वस्ती विहिरीभोवती जमली. बायांच्या कमरेवर रिकाम्या घागरी होत्या, पोरं तहानेली होती, उन्हं चढत होती. म्हातारे वाकून पाण्याकडं पाहत, मागं सरत, पुन्हा पाहत. पाणी पाण्यासारखंच दिसत होतं. पोलिसात जावं तर सांगायचं काय, की दगड उतरवून ठेवला? आई त्याचा खांदा घट्ट धरून उभी होती. मग माणिकराव पुढं झाले. पोहरा काढला, भरून वर ओढला, काठावर ठेवला. “मी पेतो,” ते म्हणाले. “तुमी पाहा.” आणि ओंजळीनं प्यायले. मग ते विहिरीच्या काठावर मांडी घालून बसले आणि सगळी वस्ती त्यांच्याकडं पाहत बसली. अश्वजितही पाहत होता. बापाच्या गळ्याचा मणी हलतो का, डोळे फिरतात का, कपाळावरचा घाम उन्हाचा की कशाचा. माणिकरावांनी त्याला बघून डोळा मारला होता. दुपार कलली तेव्हा बायांनी घागरी भरल्या. कुणाला काही झालं नाही. पण आईनं पुढं कितीतरी महिने त्या पाण्याची चूळ भरून आधी थुंकली, मग प्याली. ती म्हणायची, पाणी तेच हाये, पण तहान जात नाही.

दसऱ्याच्या सकाळी डायलिसिसच्या मशिनीवर कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि माणिकराव पांढरा सदरा घालून आले होते, नागपूरला जायचा. बाही वर करता येईना म्हणून केसरबाईंनी तो हलकेच उतरवून घडी करून त्यांच्या उशाशी ठेवला. “जयभीम, माणिकदादा,” त्या म्हणाल्या. “आज तुमचा मोठा सण.” “तुमचाही,” ते म्हणाले, आणि दोघं हसले. सुई टोचण्याआधी रक्त लॅबला गेलं. महिन्याची तपासणी होती. किडनीचे डॉक्टर बाहेरगावाहून यायचे. मागच्या खेपेला ते म्हणाले होते की रिपोर्ट सुधारला तर पाणी थोडं वाढवू. माणिकराव महिनाभर त्या वाढीव पाण्यावर डोळा ठेवून होते, लहान पोर जत्रेवर ठेवतं तसा. अश्वजित बाजूच्या स्टुलावर बसला. नळ्यांतून बापाचं रक्त बाहेर जात होतं आणि धुऊन आत येत होतं. त्याला वाटलं, उठावं, अजूनही उठावं, किल्ली मागावी. पण आज सणाचा दिवस, साहेब गावी शमीच्या पूजेला गेलेले, आणि काल देवघरासमोर बसून पोळी खाल्लेली. तो बसून राहिला.

संध्याकाळी हिंमतराव आले. सगळ्यांना आपट्याची पानं वाटली. अश्वजितच्या हातात पान ठेवून त्यांनी त्याला छातीशी धरलं, खिशातून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, “घे, आता तुयं राज्य. लाव हात.” त्यानं कुलूप उघडलं. आत सुकलेल्या झेंडूचा दाट वास होता. माळ त्यानं न तोडता, गाठ-गाठ सोडवून बाजूला ठेवली. आधी ते पान बाहेरच्यांसाठी बंद केलं. मग दुरुस्ती बसवली. शाखा एकेक करून परत जोडल्या गेल्या, दुसरबीड, बीबी, हिवरा आश्रम, सगळ्यांसमोर हिरवे ठिपके. गजेंद्र दारात उभा राहून सोन्याचं पान दातानं चावत होता. “झालं? एवढंच होतं? अन् काल कसं तोंड केलं होतं बे, मले वाटलं आभाळ कोसळलं.” अश्वजितनं नोंदी चाळल्या. कोण कधी आत आलं, काय बदललं. कालपासून काही नव्हतं. त्याआधीच्या नोंदीही पाहिल्या. सगळीकडं त्याचंच नाव, त्याच्याच कामाच्या वेळा. त्याला पहिल्यांदा मोकळा श्वास आला. मग त्यानं नोटीस पुन्हा उघडली, आणि खाली, काल न वाचलेली ओळ वाचली. आत आलेल्याकडं पूर्ण ताबा असल्यानं तो आपल्या नोंदी पुसून, ओळखीच्या नावानं काम करू शकतो. म्हणून खूण न सापडणं म्हणजे कुणी आलं नाही असं समजू नये. दोष दुरुस्त केल्यानं आधीच आत असलेला बाहेर जात नाही. दगड नीट बाजूला उतरवून ठेवलेला होता. “झालं,” तो गजेंद्रला म्हणाला.

त्यानं हिंमतरावांना सांगितलं. सगळं, उशिरा का होईना. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “काही चोरीला गेलं का?” नाही. “काही बंद पडलं?” नाही. “मंग?” त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “लय जीव लावतो तू कामाले. आराम कर.” सगळं नव्यानं उभारायला हवं, मशीन पुसून, असं तो म्हणाला. पाहू दिवाळीनंतर, ते म्हणाले. त्यांच्या मते त्याच्यावर दाखवलेल्या भरवशाचा हा भाग होता. त्यांच्याशी भांडता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

रिपोर्टसाठी दुपारपासून थांबलेले माणिकराव वॉर्डाच्या बाहेर सदरा घालून तयार बसले होते. चेहरा खुललेला. “रिपोर्ट आला. लय सुधारला म्हणते. पाह्य ना.” अश्वजितनं वॉर्डातल्या पडद्यावर पाहिलं. आकडे चांगले होते. कधी नव्हे इतके चांगले. वेशीतून आत शिरलेल्याला लॅबचे कॉम्प्युटरही मोकळेच होते. खाली किडनीच्या डॉक्टरांचा शेरा: पाणी दिवसाला तीन पेले करण्यास हरकत नाही. त्यानं डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, हो, पाहिला मी रिपोर्ट, छान आहे. कुठं पाहिला? अरे, तुमच्याच सिस्टिमवर, आणखी कुठं. तो लॅबमध्ये गेला, तिथल्या पोरीनंही त्याच पडद्याकडं बोट केलं. नमुना केव्हाच टाकून दिलेला. ज्याला विचारावं तो त्याच विहिरीत डोकावत होता. आकडा खरा असेल. बाप सुधारलाही असेल, माणसं सुधारतात. कुणाला काय पडलंय मेहकरच्या एका म्हाताऱ्याचा रिपोर्ट बदलायची. हे सगळं त्याला पटत होतं आणि तहान जात नव्हती. “बाबा, पुन्हा रक्त देऊ. सोमवारी. तोवर दोनच पेले,” तो घरी आल्यावर म्हणाला.

“काऊन? आकडा चांगला नाही का?”

“चांगला हाये.”

“मंग?”

त्यानं सांगितलं, जमेल तसं. वेस उघडी राहिली. कोणी आत शिरलं असेल, नसेल. काही गेलं नाही, काही मोडलं नाही. आकडा खरा का खोटा, मले सांगता येत नाही, कोणालेच नाही येत. बोलता बोलता तो बापासमोर, इतक्या वर्षांनी, रडला. माणिकरावांनी ऐकून घेतलं. कॉम्प्युटरचं त्यांना काही कळलं नसावं. ते हातातल्या रिकाम्या पेल्याकडं पाहत होते. बाहेर पोरं घरोघर सोनं वाटत फिरत होती आणि टीव्हीवर, आवाज बंद करून, दीक्षाभूमीची गर्दी दिसत होती. मग ते उठले, माठाशी गेले, दिवसाचा तिसरा पेला काठोकाठ भरला आणि खाटेवर मांडी घालून बसले, अश्वजितसमोर, तोंड त्याच्याकडं करून.

“मी पेतो,” ते म्हणाले. “तू पाह्य.”

त्यांच्या गळ्याचा मणी हलू लागला. अश्वजित पाहत राहिला.